ब्रोमाइडची बाटली

स्मरणिकेच्या संपादकांचा दूरध्वनी आला तेव्हा त्यांनी एकच अट घातली, "डॉक्टरसाहेब, यंदा मधुमेहावर नको." गेली अनेक वर्षे मी या पानांतून मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी यांवरच लिहीत आलो आहे. त्यामुळे त्यांचे म्हणणे मला तत्काळ पटले. यंदा मी एका पुस्तकाविषयी लिहितो आहे. ते एका डॉक्टरने लिहिले आहे, एका डॉक्टरविषयी आहे, आणि निदान आपण डॉक्टरांनी तरी ते आयुष्यात दोनदा वाचावे, असे माझे मत झाले आहे. एकदा तरुणपणी, आणि एकदा दवाखान्याची वेळ कमी केल्यानंतर.

पुस्तक आहे अंतोन चेखव यांची 'वॉर्ड नंबर सहा' ही लघुकादंबरी. चेखव हे जगाला कथाकार आणि नाटककार म्हणून परिचित आहेत, पण ते आपले समव्यवसायी होते. १८८४ साली त्यांनी मॉस्को विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली. १८९० मध्ये ते साखालिन बेटावरील कैद्यांच्या वसाहतीत गेले आणि तेथील रहिवाशांची सुमारे दहा हजार माहितीपत्रके त्यांनी भरली. १८९२ साली मेलिखोवो या गावी राहायला गेल्यावर पटकीची साथ येण्याचे भय निर्माण झाले, तेव्हा पंचवीस खेड्यांची वैद्यकीय जबाबदारी त्यांनी विनावेतन पत्करली. त्याच वर्षी ही कादंबरी प्रसिद्ध झाली. स्वतः क्षयाने पोखरलेला हा माणूस १९०४ साली, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. हे सारे सांगण्याचे कारण एवढेच, की रुग्णालयाच्या आवाराचे, तेथील वासाचे आणि बाह्यरुग्ण विभागातील गर्दीचे जे वर्णन या पुस्तकात येते, ते ऐकीव नाही.

मी ते प्रथम वाचले १९७४ साली, ग्वाल्हेरच्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना. त्या काळी मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची पुस्तके आपल्याकडे चहा-समोशाच्या पैशांत मिळत. वसतिगृहात एका रात्रीत ते वाचून काढले आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मित्रांशी कडाडून वाद घातला. कथानक ज्यांनी वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

रेल्वेपासून दोनशे वर्स्ट दूर असलेले एक रशियन गाव. तेथील रुग्णालयाच्या मागे गवत आणि खाजकुइलीने वेढलेली एक पडकी इमारत, तोच वॉर्ड नंबर सहा. आत पाच मनोरुग्ण आणि त्यांना मुठीने सरळ करणारा निकिता नावाचा पहारेकरी. रुग्णांपैकी एक मोइसेइका. वीस वर्षांपूर्वी त्याचा टोप्यांचा कारखाना जळाला आणि त्याचे भान गेले. दुसरा इव्हान ग्रोमोव, शिकलेला तरुण. भाऊ क्षयाने गेला, वडील तुरुंगात मेले, मित्र म्हणावा असा कुणी नाही. एके दिवशी रस्त्यात बेड्या घातलेले दोन कैदी दिसतात आणि आपल्यालाही कुणीतरी पकडून नेणार, ही शंका त्याच्या मनात घर करते.

या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. रागिन. सज्जन, वाचनप्रिय, पण कामाला कंटाळलेले. सुरुवातीला ते सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत रुग्ण तपासत. पुढे आज तीस आले, उद्या पस्तीस, परवा चाळीस, आणि मृत्यूंचे प्रमाण मात्र तेवढेच, हे पाहून त्यांचा उत्साह मावळला. रुग्णालयात अन्याय चालतो हे त्यांना कळते, पण दुःख हे मनाचे खेळ आहेत, समाधान माणसाच्या आत असते, असे तत्त्वज्ञान त्यांनी स्वतःपुरते तयार करून ठेवले आहे. संध्याकाळी मद्याचा चंबू, खारवलेली काकडी आणि इतिहासाचे पुस्तक. बोलायला कुणी नाही. पोस्टमास्तर मिखाईल आवेर्यानिच येऊन गप्पा मारतो, पण रागिन यांना हव्या असलेल्या त्या गप्पा नव्हेत.

योगायोगाने ते एकदा वॉर्डात जातात आणि ग्रोमोवशी वाद होतो. ग्रोमोव त्यांना झोडपून काढतो. तुम्ही कधी मार खाल्ला आहे का, उपाशी राहिला आहात का, की उबदार खोलीत बसून दुःख मिथ्या असल्याचे सांगता, असा त्याचा रोख असतो. वीस वर्षांत प्रथमच आपल्याशी कुणीतरी खऱ्या अर्थाने बोलले, या आनंदाने डॉक्टर रोज तेथे जाऊ लागतात. आणि तेच त्यांच्या मुळावर येते. प्रमुख डॉक्टर वेड्याच्या खाटेवर बसून तासन्‌तास बोलतात, म्हणजे त्यांचेही डोके फिरले, असा निष्कर्ष गाव काढते. त्यांच्या जागेवर डोळा असलेले कनिष्ठ डॉक्टर खोबोतोव या निष्कर्षाला हातभार लावतात. समिती बसते, आज तारीख कोणती, वर्षाचे दिवस किती, असे प्रश्न विचारले जातात. नोकरी जाते. शेवटी एका रुग्णाविषयी सल्ला हवा, अशी थाप मारून खोबोतोव त्यांना त्याच वॉर्डात नेऊन सोडतात. बाहेर जाऊ द्या म्हणताच निकिताची मूठ डॉक्टरांच्याच तोंडावर बसते. दुसऱ्या दिवशी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत होतो. अंत्ययात्रेला पोस्टमास्तर आणि स्वयंपाकीण दार्युश्का, अशी दोनच माणसे.

एकविसाव्या वर्षी यातून मी जो अर्थ काढला तो बहुतेक तरुण काढतात : ग्रोमोव शहाणा आणि बाहेरचे जग वेडे. भोजनगृहात मी तेच ओरडून सांगत होतो. आज मला तो अर्थ नुसता अपुरा नव्हे, तर काहीसा घातकही वाटतो. 'वेडा कोण आणि शहाणा कोण' हे वाक्य व्यासपीठावर टाळ्या मिळवते, पण ज्याच्या घरात स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे त्या आईला त्याचा काडीचाही उपयोग नाही. चेखव डॉक्टर होते. त्यांनी ग्रोमोवचा आजार खराच दाखवला आहे. त्याची भीती कशी वाढत गेली, ती रात्रीची झोप कशी खाऊ लागली, तळघरात लपण्यापर्यंत ती कशी गेली, हे सारे एखाद्या उत्तम रुग्णवृत्तांतासारखे टप्प्याटप्प्याने येते. ग्रोमोव आजारी आहे आणि त्याचे बोलणे खरेही आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात, हे स्वीकारणे आपल्याला जड जाते. निदान झाले की माणसाचे बोलणे आपण लक्षण म्हणून ऐकू लागतो.

दुसऱ्यांदा हे पुस्तक माझ्या हाती आले ते गेल्या पावसाळ्यात, आणि त्यामागे एक हकिगत आहे. ती सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहीत आहे.

आमच्या गावात माझ्याहून पाच वर्षांनी ज्येष्ठ असे एक डॉक्टर होते. वसतिगृहातील दिवसांपासूनची ओळख. नाव सांगत नाही. "कधीतरी यावर लिही, पण नाव घालू नकोस," असे ते स्वतःच एकदा म्हणाले होते. पत्नी गेल्यानंतर लष्करातील जुन्या वाड्यात ते एकटे राहत. मुलगा अमेरिकेत, मुलगी पुण्यात. ज्या वाड्यात एके काळी दहा-बारा मराठी बिऱ्हाडे नांदत, तेथे आता बहुतेक खोल्यांना कुलपे. "अरे, मराठीत भांडायलासुद्धा कुणी उरले नाही," असे ते म्हणत आणि आम्ही हसत असू.

रोज रात्री साडेआठला, मी दवाखाना आवरायला घेई त्या वेळी, ते येत. "सहज आलो," हे ठरलेले वाक्य. मग झोप लागत नाही, ढेकर येतात, डोके जड वाटते, अशी काहीतरी तक्रार. दिवसभर सत्तर रुग्ण तपासून मी दमलेला असे. घरी पान वाढलेले असे. मी त्यांचा रक्तदाब पाही, तो चांगला निघे. मग मी झोपेसाठी अल्प्राझोलामची एक पट्टी आणि बी-कॉम्प्लेक्स देई, पाठीवर थाप मारून म्हणे, "तब्येत तर माझ्यापेक्षा झकास आहे. सकाळी फिरायला जात जा. भजनी मंडळात या." उतारवयात त्या गोळ्या किती जपून द्यायच्या हे मला ठाऊक होते. तरी मी त्या देत राहिलो, कारण पट्टी हातात ठेवली की ते उठत.

पुढे ते यायचे थांबले. मला वाटलेली पहिली भावना सुटकेची होती, हे आज लिहिताना लाज वाटते. पुण्याला गेले असतील, असे मी स्वतःला समजावले. वाडा माझ्या दवाखान्यापासून सात मिनिटांच्या अंतरावर आहे.

दोन-अडीच महिन्यांनी त्यांच्याकडे स्वयंपाक करणारी बाई दवाखान्यात आली. "साहब कुछ खाते नहीं हैं, बोलते भी नहीं," एवढेच ती म्हणाली. मी गेलो. भर दुपारी खोलीत अंधार होता. वर्तमानपत्रांच्या घड्या न उलगडता कोपऱ्यात रचलेल्या. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून पडलेले. वजन दहा किलोंनी तरी उतरले असावे. औषधे पाहावीत म्हणून मी खण उघडला, तर मी दिलेल्या अल्प्राझोलामच्या साऱ्या पट्ट्या रबर लावून एकावर एक ठेवलेल्या. एकही गोळी फोडलेली नव्हती.

त्या पट्ट्या नुसत्या घ्यायच्या राहिल्या होत्या, की जमवल्या होत्या? हा प्रश्न त्याच क्षणी विचारायला हवा होता. आत्महत्येविषयी स्पष्ट विचारल्याने तो विचार कुणाच्या मनात नव्याने शिरत नाही, उलट ओझे हलके होण्याचीच शक्यता असते, हे आपण शिकलेलो आहोत. पण माझी जीभ रेटली नाही. मी पट्ट्या खिशात घातल्या आणि मुलीला दूरध्वनी केला. रात्री त्यांच्या उशाशी बसल्यावर अखेर विचारले. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधी नुसत्याच राहिल्या. मग मोजायला लागलो." आणि थोड्या वेळाने, "अरे, मी गोळ्यांसाठी नव्हतो येत. साडेआठला तुझ्याकडे दिवा असायचा."

दुसऱ्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना दाखवले. गंभीर नैराश्य होते. काही दिवस रुग्णालयात ठेवावे लागले, औषधे सुरू झाली, मुलगी दोन महिने येऊन राहिली. हळूहळू ते सावरले. पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले, माझ्या चुका काढू लागले. त्यानंतर ते तीन वर्षे जगले आणि हृदयविकाराने गेले. घर रिकामे करताना मुलगी म्हणाली, "काका, बाबांच्या पुस्तकांतले तुम्हांला हवे ते घ्या." मी चेखव उचलला.

या वेळी वाचताना मनात धास्ती होती, की आपण रागिन निघू. कंटाळलेला, तत्त्वज्ञानाच्या आड लपलेला वृद्ध डॉक्टर. काही प्रमाणात तो मी आहेच. पण उत्तरार्धातील एका प्रसंगाने मला गाठले. नोकरी गेलेले रागिन तीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत आहेत. वाचन सुटले आहे, वेळ जावा म्हणून ते पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवत बसतात, स्वयंपाकघरात बटाटे सोलतात. अशा वेळी त्यांना भेटायला दोघे येतात. पोस्टमास्तर खोटा उत्साह आणून आज तुम्ही किती टवटवीत दिसता, असे सांगतो. खोबोतोव व्यावसायिक कर्तव्य म्हणून येतात आणि प्रत्येक वेळी ब्रोमाइडची बाटली व रेवाचिनीच्या गोळ्या ठेवून जातात. एके दिवशी सौम्य प्रकृतीच्या रागिन यांचा संयम सुटतो. दोघांनाही हाकलून देत ते ती बाटली त्यांच्या मागे भिरकावतात.

मी पुस्तक मिटले. पाठीवर थाप मारणारा पोस्टमास्तरही मीच होतो आणि बाटली ठेवून जाणारा खोबोतोवही मीच. फरक एवढाच, की माझा रागिन सुसंस्कृत होता. त्याने बाटली फेकली नाही, खणात जमवून ठेवली.

येथे एक गैरसमज होऊ नये. औषधे निरुपयोगी आहेत आणि दोन गोड शब्द पुरेसे आहेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आमच्या या मित्राला औषधानेच वर काढले. रशियातील त्या गावात १८९२ साली नैराश्यावर खरे औषध नव्हते. आपल्याकडे ते आहे आणि तरीही ते पोचत नाही, हा आपला दोष. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये नोंदवले, की देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार आहे आणि विकारागणिक सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांबाहेर आहेत. माझा मुद्दा निराळा आहे. योग्य औषध द्यायचे तर आधी निदान व्हावे लागते, निदानासाठी ऐकावे लागते, आणि ऐकण्यासाठी खुर्चीवरून न उठता बसावे लागते. मी दिलेली पट्टी हा उपचार नव्हता. ते संभाषण संपवण्याचे साधन होते.

वॉर्ड नंबर सहा हा गतकाळ झाला, असेही कुणी समजू नये. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. आपल्या ग्वाल्हेरचे नावही या इतिहासात आहे. रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाला १९९७ साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवावे लागले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आणि समाजात राहण्याचा त्याचा हक्क मान्य केला. कायद्याने निकिताचे हात बांधले, ही मोठीच गोष्ट झाली. पण खोबोतोव आणि पोस्टमास्तर यांना आवरणारा कायदा कोणत्याही संसदेला करता येणार नाही. ते आपले आपल्यालाच पाहावे लागेल.

एकाकीपण हा कवींचा विषय आहे, असे आपण पूर्वी समजत असू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली दिलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांमागे एक जण एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि वर्षाकाठी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या समाजात त्याला आणखी एक पदर आहे. मुले पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी गेली. बाजारात, बँकेत, शेजारी हिंदी उत्तम बोलता येते, त्यात परकेपणा नाही. पण आईच्या भाषेत तक्रार करायची, टोमणा मारायचा, बालपणीच्या एखाद्या मास्तरांची नक्कल करायची, तर समोर माणूस लागतो. तो एकेक करून जातो आहे.

आणि आपण डॉक्टर तर दुप्पट एकटे. आयुष्यभर लोकांनी आपल्याला प्रकृती सांगितली, आपण कुणाला सांगायची, हे शिकलोच नाही. स्वतःची झोपेची गोळी स्वतःच लिहून घेतो. मनोविकारतज्ज्ञाकडे जायचे, तर आपल्याच गावात प्रतीक्षाकक्षात कोण पाहील, या भीतीने पाऊल अडते. ज्यांच्याकडे आपण रुग्ण पाठवतो, त्यांच्याकडे स्वतः जायला आपल्याला संकोच वाटतो. यापेक्षा मोठी विसंगती कोणती?

म्हणून आपल्या मंडळापुढे तीन साध्या सूचना ठेवतो. पहिली, मंडळातील जे सभासद किंवा त्यांचे जोडीदार एकटे राहतात, त्यांची यादी करावी आणि महिन्यातून दोनदा कुणीतरी त्यांच्या घरी जावे. जाताना रक्तदाबाचे यंत्र आणि औषधाची चिठ्ठी लिहायचे पॅड घरी ठेवावे. दुसरी, प्रत्येक सभासदाने स्वतःसाठी एक डॉक्टर निवडावा आणि आपली औषधे स्वतः लिहिणे बंद करावे. तिसरी, केंद्र शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावावा. २०२२ पासून ही विनामूल्य सेवा अहोरात्र सुरू आहे. रुग्णांसाठी लावावा, आणि आपणही तो वाचावा.

रागिन यांच्या अंत्ययात्रेला दोन माणसे होती. आमच्या मित्राच्या अंत्ययात्रेला पुष्कळ होती. गावातील निम्मे डॉक्टर आले होते. त्यांतील कितीजण त्या अडीच महिन्यांत वाड्याचा जिना चढले होते, हा हिशेब मी कुणाकडे मागणार नाही. माझाच मला पुरे आहे.

दवाखाना मी आता सातलाच बंद करतो. दिवा मात्र नऊपर्यंत ठेवतो. कुणी सहज आले, तर खुर्ची आहे.